प्रायव्हेट आयपीत व्हीएलएसएमची काटकसर कशाला? सरळ /२४ द्या ना

वायरमन_७:
आमच्या नवीन ब्रांचसाठी सिनियरनी १९२.१६८.१०.०/२४ चे व्हीएलएसएमने (व्हेरिएबल लेंग्थ सबनेट मास्क, म्हणजे गरजेप्रमाणे लहानमोठे) तुकडे पाडलेत (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका तुकडा लहान), लॅबला /२५, ऑफिसला /२६, सीसीटीव्हीला /२७, राउटर लिंकला /३०. परीक्षेच्या पेपरात छान दिसतं हे. पण प्रायव्हेट, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कसाठीच्या, १०.०.०.०/८ मध्ये /२४ चे ६५,५३६ तुकडे बसतात, आपल्या ब्रांच किती? प्रत्येक व्हीलॅनला (स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) डोळे झाकून /२४ द्या, तिसरा आकडा म्हणजेच व्हीलॅन नंबर, रात्री दोनला फोन आला तरी झोपेत कळतं मशीन कुठलं ते. काटकसर पब्लिक आयपीत करा, तिथे /२९ घेतला तर वापरायला सहाच मिळतात आणि त्यातलाही एक गेटवे (बाहेर जायचा राउटर) खातो.

रात्रपाळी:
+१. आमच्याकडे /२६ वाल्या व्हीलॅनमध्ये .७० ला प्रिंटर बसवला आणि कोणीतरी सवयीने मास्क (तुकडा केवढा ते सांगणारा आकडा) टाकला २५५.२५५.२५५.०, म्हणजे /२४ चा. गेटवे पिंग होतो, शेजारच्या पीसीवरून प्रिंट येते, फक्त .२० वाल्या, म्हणजे दुसऱ्या तुकड्यातल्या, अकाउंट्सची येत नाही, कारण प्रिंटरला वाटतं .२० आपल्याच घरात आहे, तो गेटवेकडे न जाता तिथेच एआरपी करत (हा आयपी कोणाचा, असं विचारत) बसतो. सगळीकडे /२४ असता तर ही भानगडच नसती.

ओएसपीएफ_काकू:
अहो तो दोष हाताने आयपी टाकण्याचा, डीएचसीपी रिझर्वेशन करा की (सर्व्हरच त्या मशीनला ठरलेला आयपी देतो)! आणि व्हेरिएबल म्हणजे लहानच करायचं असं कोणी सांगितलं? हॉस्टेलच्या वायफायला /२४ देऊन बघा. २५४ आयपी, हल्लीचे फोन आपली वायफायवरची ओळख, म्हणजे मॅक अॅड्रेस बदलत राहतात, प्रत्येक नव्या मॅकला नवा लीज (मुदतीपुरता दिलेला आयपी), पोरं संध्याकाळी परत येईपर्यंत पूल संपलेला. तिथे /२२ लागतो, १,०२२ होस्ट. आता /२२ सुरू होतो तिसऱ्या आकड्यात चारच्या पटीवरच, म्हणजे १०.५.८.० घेतला तर ८ ते ११ चारही मोकळे हवेत, आणि तुम्ही तर व्हीलॅन ९ आणि १० आधीच वाटून बसलात. शिवाय व्हीलॅन नंबर जातात ४०९४ पर्यंत, आयपीचा आकडा २५५ ला थांबतो, व्हीलॅन ३०० आला की तुमची झोपेतली पद्धत संपली.

वायरमन_७:
वायफायचं मान्य. पण लहान तुकड्यांचं काय? लॅबला /२५ म्हणजे १२६, आज पीसी १००, पुढच्या वर्षी अजून पन्नास आले की खालच्या सगळ्यांचे आयपी हलवा, फायरवॉलचे रूल बदला, शनिवार-रविवार गेला कामातून.

ओएसपीएफ_काकू:
मग वाढ धरूनच कापायचं ना, आणि मोठा तुकडा आधी. सिनियरना सांगा १९२.१६८ सोडा, ब्रांचला दहामधला अख्खा /२० द्या आणि त्यात लहानमोठे पाडा, हेड ऑफिसच्या राउटरला एकच रूट दिसेल, आत काय कापाकापी चाललीय ते त्याला कळायची गरज नाही.

वायरमन_७:
/२० ला कदाचित हो म्हणतील, /३० काही सोडणार नाहीत.

ओएसपीएफ_काकू:
/३० तरी कशाला, दोन टोकांना दोनच आयपी लागतात, /३१ द्या. २००० सालीच आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) आलाय त्याचा, फक्त राउटर फार जुना असेल तर आधी तपासा.