एफवायच्या वर्गात अख्खा तास एकट्या प्राध्यापकांनीच का बोलायचं?

प्रयोगवही (धागाकर्ती)

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी भौतिकशास्त्र शिकवते. न्यूटनचा तिसरा नियम वर्गात कुणालाही विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील. मग विचारायचं: एसटी आणि मोटारसायकलची समोरासमोर टक्कर झाली, तर कुणाचं कुणावरचं बल जास्त? बहुतेक हात एसटीच्या बाजूने वर जातात. खरं तर दोन्ही बलं सारखीच. मोटारसायकलचं वस्तुमान कमी, म्हणून तिच्या वेगात बदल फार मोठा होतो. नियम पाठ आहे, पण टक्कर डोळ्यांसमोर आली की कुणाला तो आठवत नाही.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना हेच दिसलं आणि १९९१ च्या सुमारास त्यांनी वर्गाची रीतच बदलली. थोडं शिकवायचं आणि एक नेमका प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने विचार करून पर्याय निवडायचा. मग ज्याचं उत्तर वेगळं आहे अशा शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. पहिल्याच मतात साधारण ३० टक्क्यांहून कमी उत्तरं बरोबर आली तर चर्चेआधी मुद्दा पुन्हा शिकवायचा, ७० च्या वर गेली तर पुढे जायचं. मत द्यायला यंत्र लागत नाही, पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरली की पुरे.

२०१४ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्के, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के. हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या शेकडो मुलांच्या वर्गात 'आधी एकटा विचार, मग जोडी, मग सगळ्यांसमोर' ही रीत वापरून पाहिली, तेव्हा सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली.

७५ टक्के हजेरीच्या नियमाने मुलं बाकावर येऊन बसतात. पुढचं काम आपलं आहे. दर तासाला असा एक तरी प्रश्न झालाच पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

तासिका_तत्त्व

मॅडम, तुम्ही पर्मनंट आहात असं धरून चालतो. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे, दोन गावांतल्या दोन महाविद्यालयांत. तासाला पैसे मिळतात. तुमचा प्रश्न लिहायला तास लागणार, त्याचे पैसे कोण देणार? नेमका प्रश्न, त्यात मुलांच्या चुकीच्या समजुतीतून आलेले पर्याय, ही सोपी गोष्ट नाही. सत्र उशिरा सुरू होतं, मध्ये प्रवेशाच्या फेऱ्या, स्नेहसंमेलन, मग परीक्षेची ड्यूटी. पोर्शन राहिला तर प्राचार्य मलाच बोलावतात. रिक्त जागा भरा, मग पद्धतींवर बोलू.

खडूफळा

मी निवृत्त आहे, मराठी शिकवत असे. व्याख्यानाला इतकं हिणवू नका. चांगलं व्याख्यान ऐकताना विद्यार्थी गप्प असतो, निष्क्रिय नसतो. शिक्षक एखाद्या कवितेपाशी थांबतो, मागे जातो, शंका काढतो, ती स्वतःच खोडतो. विचार कसा करायचा हे तिथे दिसतं. माझे विद्यार्थी आजही भेटले की त्या तासांबद्दल बोलतात. आणि ज्या दोघांना विषय येत नाही, ते एकमेकांना काय शिकवणार?

प्रयोगवही

सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचीच अमेरिकेत जनुकशास्त्राच्या वर्गात तपासणी झाली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा नवा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला, तर बरोबर उत्तरं वाढलेली होती. गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, तिथेही वाढली. आपलं उत्तर का बरोबर हे दुसऱ्याला सांगू लागलं की त्यातली फट आपल्यालाच दिसते.

विद्यार्थ्यांच्या आठवणींबद्दल आदरपूर्वक एक सांगते. २०१९ चा हार्वर्डचाच अभ्यास आहे. ओघवतं व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र स्वतः झगडलेली मुलं पुढे होती. कवितेच्या तासाला हे जसंच्या तसं लागू होतं असा माझा दावा नाही. बलाच्या तासाला होतं.

मागचा_बाक

एसवायला आहे. विद्यार्थ्याचंही ऐका. आम्ही गप्प का बसतो? दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून सायन्स एकदम इंग्रजीतून. सरांनी 'एनी डाउट्स?' विचारलं की डोक्यात शंका मराठीत असते. ती इंग्रजीत जुळवेपर्यंत सर फळा पुसतात. एखाद्याने चुकीचं इंग्रजी बोललं की मागून हशा येतो. मग वर्षभर तो तोंड उघडत नाही. शेजाऱ्याशी मराठीत बोलायला दिलंत तर आम्ही भांडू सुद्धा.

पण एक राहतंच. पेपरात 'स्टेट अँड एक्सप्लेन' येतं. तुमच्या एसटीच्या प्रश्नाला मार्क कुठे आहेत? मार्क नसतील तर मुलं शेवटच्या आठवड्यात गाईडच उघडणार. त्यांना आळशी म्हणू नका.

खडूफळा

भाषेच्या मुद्द्यावर आयुष्यभर मराठी शिकवलेला मी तुझ्या विरुद्ध आहे, बाळा. चर्चा मराठीत झाली आणि उत्तरपत्रिका, मुलाखत इंग्रजीत, तर ती दरी वर्गात कुणी भरायची? इंग्रजी चुकतमाकत बोलायची जागा वर्गच आहे. हसणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवणं हे शिक्षकाचं काम.

प्रयोगवही

दोन्ही करता येतं, सर, फक्त क्रम पाळायचा. जोडीत मराठी, मग दोघांनी मिळून एक वाक्य इंग्रजीत लिहायचं, मग एकाने ते वाचायचं. वाक्य दोघांचं असल्याने एकावर हसणं कमी होतं. संज्ञा इंग्रजीतच ठेवते. पण मूल पहिला विचार कुठल्या भाषेत करतं, यावर माझी सक्ती चालत नाही आणि चालूही नये.

मार्कांचं म्हणणं पूर्ण मान्य. विद्यापीठाचा पेपर माझ्या हातात नाही, अंतर्गत मूल्यमापन आहे. त्यात असे प्रश्न घालते, तर्क लिहिल्याशिवाय गुण नाहीत. आणि तासिका_तत्त्व सर, प्रश्न लिहायचा वेळ फुकट मागणं अन्यायाचं आहे, त्यात वाद नाही. यांत्रिकीवरचे माझे प्रश्न तयार आहेत, पर्यायांसकट. पाठवते.

तासिका_तत्त्व

पाठवा, वापरीन. पण अंतर्गतचा पेपर आमच्याकडे विभागप्रमुख काढतात, जुन्याच प्रश्नसंचातून. मी सहा महिन्यांचा माणूस, जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची आहे. बदला असं त्यांना मी सांगू शकत नाही. तुम्ही पर्मनंट लोक अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर असता, तिथे हा विषय तुम्ही लावून धरा.