नासाच्या सहलीसाठी सोसायटीच्या गेटवर चकल्या: कौतुक करायचं की जाब विचारायचा?

कर्वेनगरकर
आमच्या भागातल्या ग्रुपवर परवा एक लांबलचक पोस्ट फिरली. एका खासगी शाळेची आठवी-नववीची ३० मुलं मे महिन्यात अमेरिकेला 'नासा भेटी'ला चालली आहेत. खर्च माणशी साडेतीन लाख. त्यासाठी मुलांनी गट करून रद्दी गोळा केली, पणत्या रंगवल्या, दिवाळीत गेटवर फराळाचे स्टॉल लावले आणि सहा लाख उभे केले. शेवटी वाक्य: 'या पिढीला कष्टाची किंमत कळत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर.' खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे चार ओळींत भागेना, म्हणून इथे लिहितोय.

साधा हिशेब करा. ३० मुलांचे साडेतीन लाख म्हणजे एक कोटी पाच लाख. त्यातले सहा लाख म्हणजे शंभरातले सहा रुपयेसुद्धा नाहीत. बाकीचे आईबापांनी भरले. मग सहल मुलांच्या कष्टाची कशी? आणि ते सहा लाख तरी कुणाचे? शेजाऱ्यांचे. दारात ओळखीचं पोर उभं राहिलं की कुणी नाही म्हणत नाही. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त आजोबांनी नको असलेल्या पणत्यांचे दोन डबे घेतले.

आणि नासा म्हणजे काय तर फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटरचं अभ्यागत केंद्र. तिकीट काढून कुणीही आत जातो. दहा दिवसांच्या कार्यक्रमात त्याला दोन दिवस, बाकी न्यूयॉर्क आणि डिस्ने. विज्ञानाची इतकी ओढ असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा. त्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत, विज्ञान दिनाला शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून मुलांना समजावून सांगतात. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते. यातल्या किती मुलांनी ते पाहिलंय?

आठवीची आई
मी त्याच शाळेतली पालक आहे. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण ते सहा लाख ३० जणांत वाटलेलेच नाहीत. ते सगळे दोन मुलांसाठी आहेत. दोघंही आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागेवर पहिलीत आलेले, वर्गात हुशार. सहलीचं पत्रक आलं तेव्हा त्यांनी ते घरी दाखवलंच नाही. हे बाकीच्या मुलांना कळलं आणि 'जायचं तर सगळे' असं त्यांनीच ठरवलं. दोघांचे सात लाख होतात. सहा जमले, उरलेला एक आम्ही काही पालकांनी घातला. पोस्टमध्ये हे मुद्दाम लिहिलं नाही, कारण त्या दोघांकडे बोट दाखवायचं नव्हतं. आता तुमच्यामुळे मला लिहावं लागतंय.

कर्वेनगरकर
असं असेल तर माझा आकड्यांचा मुद्दा गळतो, तेवढं मान्य. पण पोस्ट तशी नव्हती. मला जे वाचायला मिळालं त्यावर मी बोललो. डिस्नेचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

भाजणीवाली
मला एकच विचारायचंय. चकल्या कुणी केल्या?

आठवीची आई
मुलांनी पॅकिंग केलं, लेबलं लावली, विक्री केली, हिशेब ठेवला.

भाजणीवाली
मी चकल्या विचारल्या. भाजणी कुणी भाजली, सोऱ्या कुणी फिरवला, कढईसमोर कोण उभं राहिलं?

मी सांगते, कारण माझ्या मुलीच्या शाळेत हेच झालं होतं, सहल सिंगापूरची होती. 'मुलांचा उपक्रम' म्हणून पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी आयांचा ग्रुप निघाला. माझ्या वाट्याला भाजणीच्या चकल्या. नोकरी करून रात्री साडेनऊला कढई चढवायची. तेल जास्त तापलं की चकली बाहेरून लाल आणि आत मऊ, थंड झालं की तेल पिते, त्यामुळे हलताही येत नाही. सोऱ्याच्या दांड्यानं तळहाताला फोड आले. मुलगी शेजारी बसून लेबलावर चांदण्या काढत होती. स्नेहसंमेलनात मुलांना प्रमाणपत्रं मिळाली. बाबांच्या ग्रुपकडे काय काम होतं विचारा. काहीच नाही, कारण बाबांचा ग्रुपच नव्हता.

सह्याद्रीचा वारा
ताई, आई मुलासाठी एवढं करतेच. त्याचाही हिशेब मांडायचा?

भाजणीवाली
हो, मांडायचा. तेल, बेसन, पिशव्या सगळ्याचा मांडलात ना? मग माझ्या रात्रींचाच का नाही? स्टॉलवर जो नफा दिसतो तो आयांची मजुरी शून्य धरली म्हणून दिसतो. शेजारच्या पोळीवाल्या मावशींकडून त्याच चकल्या करून घेतल्या असत्या तर किलोमागे किती उरले असते ते सांगा.

आठवीची आई
आमच्याकडे दोन बाबांनी शेव पाडली होती. पण हो, तळण बहुतेक बायकांनीच केलं. हे मी नाकारत नाही.

सह्याद्रीचा वारा
दोन बाबांनी केलं ना? मग सरसकट पुरुषांना कशाला झोडपता? मी घरी स्वयंपाक करतो.

भाजणीवाली
तुमच्या स्वयंपाकाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी एका उपक्रमाबद्दल बोलतेय. तुम्हाला ते अंगाला लागलं असेल तर तुमचं तुम्ही बघा.

झेडपी गुरुजी
चकलीवरून उतरा जरा. मी साताऱ्याकडच्या वाडीवरच्या शाळेत शिकवतो. आम्हीही निधी गोळा करतो, पण छपराच्या पत्र्यासाठी. स्काऊट-गाईडची 'खरी कमाई' आठवते का कुणाला? मुलं घरोघर जाऊन अंगण झाडायची, पाणी भरायची, मिळालेले पैसे कार्डावर लिहून आणायची. त्या कामात आईचा हात नसायचा. ध्वजदिनाची तिकिटं, क्षयरोगाची तिकिटं विकली, ती दुसऱ्या कुणासाठी तरी. आता स्वतःच्या विमानप्रवासासाठी दारोदार जायचं याला समाजकार्य म्हणतात.

आणि नासाला जायला फराळच विकावा लागतो असंही नाही. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेनं आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीनं परीक्षा घेऊन सरकारी शाळांतली २५ मुलं नासासाठी निवडली. खर्च जिल्हा परिषदेचा. मुलांनी अभ्यास केला आणि गेली.

रद्दीतला हिशेबनीस
गुरुजी, त्या २५ जणांचं मनापासून कौतुक आहे. पण परीक्षेत सव्विसावा आलेल्या मुलानं काय करायचं?

मी अशाच सहलीला गेलो होतो, आता इंजिनीअरिंगला आहे. आमच्या गटाकडे रद्दी होती. पहिल्या रविवारी सगळं एकत्र बांधून नेलं आणि पुठ्ठ्याच्या भावात दिलं. मग कळलं की इंग्रजी पेपरला मराठी पेपरपेक्षा जास्त भाव मिळतो, गुळगुळीत मासिकं वेगळी काढावी लागतात, आणि रद्दीवाल्याच्या काट्याकडे बघत उभं राहावं लागतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्याशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो. चौथ्या मजल्यावरून गठ्ठे उतरवताना मैत्री झाली, ती आजही आहे. केनेडीला सॅटर्न पाच रॉकेट आडवं ठेवलंय, १११ मीटर लांब. एका टोकापासून चालत दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. डिस्ने मजेचं होतं. चौदाव्या वर्षी मजा केली तर काय बिघडलं?

जर्सीची मावशी
इथे अमेरिकेत हे रोजचं आहे. गर्ल स्काऊटच्या मुली १९१७ पासून बिस्किटं विकतात. शाळेचा बँड दुसऱ्या राज्यात जायचा असेल तर मुलं शनिवारी गाड्या धुतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडेच पैसे मागणं म्हणजे भीक असं डोक्यात बसलंय.

झेडपी गुरुजी
तिथे गाडी धुणारं पोर आणि गाडीचा मालक यांच्यात आपल्याइतकं अंतर नसेल. इथे गाडी धुणाऱ्याचं पोर वर्गात बसलंय आणि त्याच्यासाठी बाकीचे २८ जण स्टॉल लावतायत. नावं जाहीर केली नाहीत म्हणता, पण वर्गातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या दोघांना सहलीत दहा दिवस कसं वाटेल, हे कुणी विचारलंय? त्यांनी एखादा जादा आइस्क्रीम मागितला तरी चारजण बघतील.

आठवीची आई
गुरुजी, ते दोघंही स्टॉलवर होते, सगळ्यांत जास्त विक्री त्यातल्याच एकीची आहे. तुम्ही त्यांना न भेटता त्यांची कीव करताय. त्यांना घरी ठेवलं असतं तर सन्मान राहिला असता का? आठवीनंतर आरटीई संपतं, पुढच्या वर्षी ती या शाळेत असेल की नाही तेही माहीत नाही. मला त्याची जास्त काळजी आहे. तुमच्या या बोलण्याचा मला संताप आलाय.

झेडपी गुरुजी
संताप येऊ द्या. माझे विद्यार्थी सातवीनंतर शाळेसाठी रोज डोंगर उतरतात. मला कीव करायला वेळ नाही.

सीए_काका
भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी विचारतो. फराळ विकला ती विक्री झाली. पण स्टॉलवर मदतपेटी होती का? लोकांकडून मदत म्हणून पैसे घ्यायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१क खाली परवानगीसाठी जावं लागतं, गणेश मंडळं जातात तसं. दुसरं, परदेशी सहलीच्या पॅकेजवर २०२० च्या ऑक्टोबरपासून टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, घेतात. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याच्या करातून रिटर्न भरताना वजा होतो किंवा त्याला परत मिळतो. त्या दोन मुलांच्या पॅकेजवरचा टीसीएस कुणाच्या पॅनवर गेला? ते पैसे मुलांनी कमावलेले आहेत.

आठवीची आई
पेटी होती, लहानशी. टीसीएसचं मला माहीत नाही. विचारते.

फळा-खडू
मी शिक्षिका आहे आणि कुणीच न बोललेलं सांगते. व्हिसा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही. मी आधी ज्या शाळेत होते तिथे असेच वर्गणीतून एका मुलीचे पैसे जमवले होते. तिचे वडील रिक्षा चालवायचे. मुलाखतीत अमेरिकी कायद्याच्या कलम २१४ बी खाली नकार मिळाला, म्हणजे ही व्यक्ती परत येईल याची खात्री पटली नाही. श्रीमंत घरातल्या मुलांचे व्हिसा झाले. ज्या मुलीसाठी सगळ्या वर्गानं घाम गाळला, नेमकी तीच मागे राहिली. शाळेनं तिचे पैसे 'पुढच्या वर्षीच्या निधीत' वळवले. तिला कुणी विचारलंही नाही. ती नंतर आठवडाभर वर्गात आली नाही.

तुमच्या दोघांचे व्हिसा झाले का?

आठवीची आई
अजून मुलाखत व्हायची आहे.

कर्वेनगरकर
हेच मला पोस्टमध्ये दिसायला हवं होतं. पैसे कुणासाठी, व्हिसा नाकारला तर ते कुणाचे, हिशेब कुठे बघायला मिळेल. मी चकल्या घेतल्यात, मला विचारायचा हक्क आहे. मुलांच्या मनात 'जायचं तर सगळे' आलं हे चांगलंच आहे, त्यावर माझा वाद नाही. माझा वाद शाळेशी आहे. एवढ्या महागाची सहल काढायची आणि मग दोघांसाठी मुलांना गेटवर उभं करायचं, त्यापेक्षा सगळ्यांना जमेल अशी सहल आधीच का ठरवली नाही?

रद्दीतला हिशेबनीस
सगळ्यांना जमेल अशी सहल म्हणजे पुन्हा प्रतापगड. आम्ही तो तीनदा पाहिला.

झेडपी गुरुजी
प्रतापगडाला तीनदा गेलात आणि पत्रकात नासा छापलं की विज्ञान झालं?

आठवीची आई
शनिवारी पालकसभा आहे. व्हिसा नाकारला तर दोघांच्या वाट्याचे पैसे त्यांच्याच शिक्षणासाठी त्यांच्या नावानं बँकेत राहतील, असं लेखी मागणार आहे. टीसीएस आणि मदतपेटीचंही विचारते. फळा-खडू, तुमच्या विद्यार्थिनीची गोष्ट नाव न घेता सांगितली तर चालेल का?

फळा-खडू
चालेल. शाळेचं नावही घेऊ नका.

भाजणीवाली
सभेत माझंही एक मांडा. पुढच्या वेळी तळणाची पाळी आईबाबा दोघांच्या नावावर लावायची, आणि आठवी-नववीची पोरं सोऱ्या फिरवायला बसवायची. हात पोहोचतात त्यांचे.

सह्याद्रीचा वारा
लहान मुलांना उकळत्या तेलाजवळ बसवणार?

भाजणीवाली
सोऱ्या म्हणाले, कढई नाही. नीट वाचा.