मादी पिल्लं खाते, वास आवरेना: सापांसाठी घरी उंदीर वाढवणे (मदत हवी आहे)

निपाणी_नाका:
नमस्कार. घरी दोन बॉल पायथन आहेत, मादी १५०० ग्रॅम आणि नर ७०० ग्रॅम. एक कॉर्न स्नेकचं पिल्लू आहे, ४० ग्रॅमचं. खाद्यासाठी छोटे पांढरे उंदीर ठेवलेत. २ नर, ११ माद्या, सगळे ७५ × ३० सेंमीच्या एकाच काचेच्या टाकीत. खाली सुताराकडचा भुसा. खायला भात, शेंगदाणे, बिस्किट.
अडचणी तीन. पिल्लं झाली की दोन दिवसांत मादी खाऊन टाकते. वास एवढा की घरचे टाकी गच्चीवर ठेव म्हणायलेत. आणि मोठ्या मादी सापाला चार-पाच उंदीर घातले तरी पुरंना. माद्या अजून किती वाढवू?

घटप्रभा_काठ:
वाढवू नका ओ, कमी करा. हिशोब उंदरापासून नाही, सापापासून मांडायचा.
१५०० ग्रॅमच्या मादीला दर १४ दिवसांनी वजनाच्या ५-६ टक्के, म्हणजे ७५-९० ग्रॅमचं एक भक्ष्य. ७०० ग्रॅमच्या नराला ५० ग्रॅमचं एक. महिन्याला जेमतेम चार नग. पण पूर्ण वाढलेला छोटा उंदीर भरतो २५-३० ग्रॅम, म्हणून तुम्हाला पुरत नाही. या दोघांना रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर लागतात. रॅटचं पिल्लू २१-२४ दिवसांत ५० ग्रॅमच्या आसपास येतं, पाचव्या आठवड्यात ८०-१०० ग्रॅम. एका वेताला ८ ते १२ पिल्लं. म्हणजे १ नर आणि २ माद्या ठेवून, दोन महिन्यांत एकच वेत घेतलं तरी भागतं. दुसरी मादी तोवर विश्रांतीला.
कॉर्न स्नेकला आठवड्याला ४-५ ग्रॅमची एक फझी (नुकती लव आलेलं छोट्या उंदराचं पिल्लू) पुरे. त्याच्यासाठी छोट्या उंदरांचा १ नर, २ माद्या ठेवा. बाकीचे दहा जण वास करायलेत, दुसरं काही नाही.
छोटे उंदीर खायची सवय लागलेला बॉल पायथन रॅटकडे बघत नाही. उंदरांच्या वापरलेल्या भुशात रॅटचं पिल्लू चोळून द्या. दोन-तीन वेळा नाकारलं तरी लगेच जुन्या खाद्यावर परतू नका.

तूस_आणि_भुसा:
पिल्लं खाण्याची कारणं तुमच्याच यादीत दिसतायत. तेवढ्याशा जागेत १३ जनावरं, त्यात दोन नर. प्रथिनं जवळपास नाहीतच. वरून बंद काच, त्यामुळे लघवीचा अमोनिया आतच साचतो. पिल्लं मेली तरी मादी ती खाते, म्हणून प्रत्येक वेळी तिनेच मारलं असं समजू नका.
छोट्या उंदरांची गर्भावस्था १९-२१ दिवस, रॅटची २१-२३. पोट दिसायला लागलं की नर बाजूला काढा. तो आत राहिला तर मादी वेतानंतर दिवसभरातच पुन्हा गाभण राहते, दूध पाजता पाजता दुसरं पोट. चार-पाच वेतांत ती खंगते. डबा वेताच्या दोन दिवस आधी साफ करा आणि मग पहिले ५-६ दिवस हात घालू नका, फक्त पाणी आणि खाणं. साफ करताना घरट्याचा जुना मऊ भाग मूठभर परत ठेवा. सगळा वास पुसला की ती बावरते. रॅटची नर पिल्लं पाचव्या आठवड्यात वेगळी काढायचीच, नाहीतर बहिणीच गाभण राहतात.
काच सोडा. जाड प्लास्टिकचा क्रेट घ्या, रॅटच्या जोडीला ६० × ४० × ३० सेंमी. झाकणाला पाव इंची वेल्डेड जाळी, ती आतल्या बाजूने बसवा. प्लास्टिकची उघडी कड दिसली की रॅट तिथूनच कुरतडायला लागतो. पाणी निपल बाटलीचं. नळीचं टोक भुशाला टेकलं तर रात्रीत बाटली रिकामी आणि डबा ओला.
सुताराकडचा भुसा बारीक धुळीचा, त्यात देवदार किंवा पाइन असेल तर फुप्फुसांना आणखी वाईट. बेळगाव-खानापूर पट्ट्यात भाताचं तूस गिरणीवर मिळतं. ते चाळून, कडक उन्हात वाळवून घाला, वर कागदाच्या पट्ट्या. थर ४-५ सेंमी. आठवड्याला एकदा बदल, नराचा डबा दोनदा.

निपाणी_नाका:
आभारी आहे. इथं तंबाखूच्या वखारीतली जुनी पोती मुबलक मिळतात, घरट्याला घालू का? आणि शेतातले उंदीर पकडून घातले तर?

तूस_आणि_भुसा:
पोत्यांना हात लावू नका! धूळ निकोटिनची, उंदीर ती पोती कुरतडणार. कागदच बरा.

चिकोडी_अक्का:
शेतातले उंदीर नकोच, दादा. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर ओळखू येत नाही, आणि ते विष सापापर्यंत पोचतं. शिवाय गोचीड, पिसवा, लेप्टोस्पायरोसिस. पावसाळ्यात हाताला चीर असली तर पिंजरा साफ करणाऱ्यालाही धोका. घरच्या उंदरांच्या डब्यालाही हातमोजे घाला, लघवीची ॲलर्जी बऱ्याच जणांना उशिरा उठते.
खाण्याबद्दल. भात आणि बिस्किटावर दूध उतरत नाही. किलोमागे गहू ४५० ग्रॅम, मका २००, ज्वारी १००, भाजलेलं सोयाबीन २००, सुकट ५०. साधारण १८ टक्के प्रथिनं होतात. कच्चं सोयाबीन पचत नाही, म्हणून भाजायचं. सगळं दळून थोड्या पाण्यात मळा, बोटाएवढ्या कांड्या करून कडक वाळवा. धान्य तसंच घातलं तर मका खातात आणि सोयाबीन सोडतात. छोटा उंदीर दिवसाला ४-५ ग्रॅम खातो, रॅट १५-२०. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यापुरतंच करा, ओलसर धान्यावर, शेंगदाण्यावर बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य नको, त्यात कॅल्शियम फार.
गच्चीवर तर अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ३५ अंशांच्या वर जातं, आणि ३० च्या पुढे नराची प्रजननक्षमता उतरते. २०-२६ अंश, सावली, हवा खेळती.

घटप्रभा_काठ:
अजून एक राहिलं. पोट भरण्याएवढी पिल्लं झाली की मारून फ्रीजरला ठेवा, -१८ अंशांवर सहा महिने टिकतात. जिवंत रॅट सापासोबत ठेवून जाऊ नका, तो सापालाच चावतो. मारायचं असेल तर सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड डब्यात हळूहळू, मिनिटाला आकारमानाच्या ३०-७० टक्के, म्हणजे १० लिटरच्या डब्यात ३ ते ७ लिटर. नवजात पिल्लं कमी ऑक्सिजन फार सोसतात, त्यांना वायूने खूप वेळ लागतो. त्यांची पद्धत पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. जिवंत पिल्लं फ्रीजरला घालणं म्हणजे क्रूरता. द्यायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, मग पिशवीत बांधून ४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. लाईट तासन्तास गेली तर तेही तपासा.
आणि नोंदणी? बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद लागते. नाग, धामण, मांडूळ असा देशी साप घरी ठेवणं त्याच १९७२ च्या कायद्याने गुन्हाच.

निपाणी_नाका:
नोंदणीचं आजच बघतो. मुंग्यांचं काय? परवा पिंक्यांवर (नवजात पिल्लांवर) लाल मुंग्या चढल्या.

चिकोडी_अक्का:
रॅकच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, भिंतीपासून चार बोटं लांब. डब्याजवळ पावडर मारू नका. वाटीत दोन थेंब भांड्याचा साबण घाला, पाण्यावर तरंगून मुंगी पलीकडे जात नाही. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास.