मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर लेझर सुचवले आहे. ते कितपत सुरक्षित असते?

भुदरगडची लेक :
माझे आबा ६२ वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. चष्म्याचा नंबर बदलला असेल, या समजुतीने आम्ही त्यांना कोल्हापुरात राजारामपुरीतील एका नेत्रतज्ज्ञांना दाखवले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढत असल्याचे सांगून त्यांनी लवकर लेझर करून घेण्याचा सल्ला दिला. मात्र आमच्या भावकीतील एका काकांची नजर लेझरनंतर काही महिन्यांतच गेली, त्यामुळे आबा तयार होत नाहीत. त्यांना अजून वर्तमानपत्र वाचता येते. अशा वेळी हे उपचार करणे योग्य आहे का?

नेत्रतपासनीस :
ताई, मी येथील एका नेत्ररुग्णालयात रुग्णांची प्राथमिक तपासणी करतो. मी डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

चष्मा घालवण्यासाठी करतात ते लेझर बुबुळावर होते. त्याचा याच्याशी संबंध नाही. आबांना सुचवलेल्या लेझरमध्ये पडद्याच्या कडेच्या भागावर, साधारणपणे दोन-तीन बैठकांत, प्रत्येक डोळ्याला हजाराहून अधिक सूक्ष्म डाग दिले जातात. मधुमेहामुळे पडद्याला प्राणवायू कमी पडतो, आणि त्याच्या हाकेला ओ देऊन नव्या वाहिन्या वाढू लागतात. कडेचा भाग काहीसा निकामी केला की मागणी घटते व त्या वाहिन्या सुकू लागतात. अमेरिकेतील ‘डायबेटिक रेटिनोपथी स्टडी’ने १९७६ मध्येच दाखवले की, अशा लेझरमुळे नजर गंभीररीत्या जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो.

याची किंमत मात्र मोजावी लागते. कडेची नजर थोडी आक्रसू शकते, अंधारात दिसणे कमी होते, आणि पडद्याच्या मध्यबिंदूवर (वाचण्याची बारीक नजर जिथून येते तिथे) सूज असल्यास ती काही काळ वाढू शकते. चुकून मध्यबिंदूलाच डाग लागणे ही गंभीर, पण विरळ गोष्ट आहे. काकांचे कागद पाहिल्याशिवाय काही म्हणता येणार नाही; तरीही लेझरपर्यंत पोहोचतानाच त्या नाजूक वाहिन्यांतून रक्तस्राव सुरू झालेला असतो आणि दोष लेझरच्या माथी येतो, असे अनेकदा घडते. गेलेली नजर लेझरने परत येत नाही, त्यामुळे वर्तमानपत्र वाचता येते आहे तोवरच ते करून घेण्यात शहाणपण आहे.

आबांच्या ओसीटी तपासणीत (पडद्याच्या थरांचे चित्र काढतात ती) मध्यभागी सूज लिहिली आहे का?

भुदरगडची लेक :
उजव्या डोळ्यात सूज लिहिली आहे. आणखी एक अडचण अशी की, शेतीची वीज बरेचदा रात्रीच येते आणि उसाला पाणी पाजायला आबा स्वतःच बॅटरी घेऊन जातात.

शिरोलीकर :
मी दोन्ही डोळ्यांचे लेझर करून घेतले आहे. बाहुली मोठी करणारे थेंब, मग बधिर करणारे थेंब, हनुवटी टेकवायची आणि डोळ्यावर भिंग लावले की हिरवे लख्ख झोत सुरू होतात. पहिले काही सोसवले. कडेला जाता जाता मात्र डोळ्याच्या मागे टोचल्यासारखी कळ येई. त्या वेळी डोके मागे न घेता तसे सांगावे, डॉक्टर थांबतात. संध्याकाळपर्यंत सारे धूसर दिसत होते, म्हणून सोबत कोणीतरी हवेच. मोटारसायकलने एकट्याने परतण्याचा विचारही करू नये.

नेत्रतपासनीस :
उजव्या डोळ्याची सूज डॉक्टरांपुढे मुद्दाम काढावी. अशा डोळ्यात बहुधा आधी सूज आणि नव्या वाहिन्या आटोक्यात आणणारे इंजेक्शन देतात आणि मग लेझर करतात. नुसत्या इंजेक्शनांवर भागते का, असेही आपल्या मनात येईल. कडेची नजर त्यात अधिक टिकते हे खरे. पण ती वारंवार घ्यावी लागतात, आणि गळीत हंगामात फेरी चुकली तर आजार पुन्हा उसळी घेतो. ज्यांचे येणे-जाणे भरवशाचे नाही, त्यांच्यासाठी मला लेझरच बरे वाटते.

रात्रीच्या पाण्याची पाळी मात्र घरातील दुसऱ्या कोणी घ्यावी. बांधावरून आणि पाटाच्या कडेने बॅटरीच्या उजेडात चालताना कडेची नजरच कामी येते. शिवाय रक्तदाब, मूत्रपिंडाची तपासणी आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल फाइलला जोडून न्यावा. हे सारे आटोक्यात नसेल तर लेझरनंतरही नव्या वाहिन्या वाढत राहू शकतात. मधल्या काळात डोळ्यापुढे अचानक काजळी उडाल्यासारखे दिसले किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.