मदत हवी आहे: पायी नर्मदा परिक्रमा, पाठीवर साडेचौदा किलो आणि काय काढू ते सुचत नाही

सातारकरीण

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच.

या कार्तिकी एकादशीनंतर मी आणि माझी नणंद, दोघी पायी परिक्रमेला निघतोय. ओंकारेश्वरहून उचलायची (म्हणजे सुरू करायची), नर्मदा कायम उजव्या हाताला. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, विमलेश्वरहून बोटीने मिठी तलाईला, मग उत्तर तटाने अमरकंटक आणि परत दक्षिण तटाने ओंकारेश्वर. नदीची लांबी 1312 किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून 2600 च्या वर. पण वाट काही नदीला चिकटून जात नाही, त्यामुळे चालणं 3000 च्या पुढेच जाईल असं धरलंय. दिवसाला 20-22 किलोमीटर, म्हणजे साडेचार-पाच महिने.

माझं वय 54, वजन 58 किलो. नणंद माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि काटक. गुडघे दोघींचे अजून तरी बरे आहेत. वारी दोनदा केली आहे, पण वारीत सामान ट्रकमधून येतं हो! पाठीवर घर घेऊन चालायची ही पहिलीच वेळ.

गेल्या रविवारी सगळं सामान दिवाणावर मांडलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. काट्यावर न मावणाऱ्या वस्तू हातात धरून स्वतः वजनकाट्यावर उभी राहिले. यादी अशी:

सॅक (भाच्याची, 65 लिटरची, हिमालयात जाऊन आलेली) 2 किलो 300
स्लीपिंग बॅग (तीही त्याचीच) 1 किलो 600
कॅरीमॅट 400 ग्रॅम
सोलापुरी चादर 1 किलो 100
पंजाबी ड्रेसचे 4 जोड, टॉवेल, आतले कपडे 2 किलो
स्वेटर आणि शाल 600
रेनकोट 500
औषधं 800
पातेलं, ताट, वाटी, तांब्या 900
पोथी आणि पूजेचं 400
पॉवर बँक (20000 एमएएचची) 450
लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी वगैरे दीड किलो

झाले साडेबारा. त्यात दोन लिटर पाणी, म्हणजे साडेचौदा. माझ्या वजनाचा चौथा हिस्सा!

तेवढं घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेले. गेले म्हणजे काय, दरवाजापर्यंत पोचले आणि तिथल्या पायरीवर बसकण मारली. कमरेचा पट्टा आवळूनही खांदे तुटत होते. भाचा म्हणतो, "मामी, सवय होईल." त्याचं वय 26 आहे. शेजारचे काका म्हणाले, "पायी परिक्रमा करणाऱ्यांकडे झोळी नि कमंडलू असतो, तुम्ही काय बिऱ्हाड हलवताय?" दोघांचंही खरं असावं असं वाटतं आणि तिथेच माझी गोची झाली आहे.

कारण एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवायला गेलं की लगेच तिची बाजू घेणारं कुणीतरी मनात बोलायला लागतं. चादर घरी ठेवू, तर डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी दव पडतं, थंडी हाडात शिरते. पातेलं ठेवू, तर काही ठिकाणी तयार जेवण न मिळता सदावर्त म्हणजे कोरडा शिधा मिळतो, तो शिजवायचा कशात? लाडू ठेवू, तर शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या डोंगरी जंगलात, दिवसभर काही मिळालं नाही तर? औषधांना तर हात लावायचाच नाही, असं मुलाने बजावलंय.

म्हणून ज्यांनी स्वतः पायी केली आहे, किंवा महिनोन्महिने पाठीवर सामान घेऊन हिंडले आहेत, त्यांना विचारते:

सॅक बदलावी का? चारेक हजार खर्चायची तयारी आहे, त्यापुढे नाही.
स्लीपिंग बॅग आणि चादर दोन्ही की एकच?
कपड्यांचे किती जोड? नर्मदेत साबण वापरायचा नाही, हे पाळायचं आहे.
पायात काय? माझ्याकडे घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट आहेत, भारी आहेत. (दोन्ही अर्थांनी.)
आणि बायकांसाठी म्हणून काही वेगळं असेल तर तेही सांगा. पुरुषांच्या याद्यांत ते नसतंच.

"मैय्या बघून घेईल" असं उत्तर कृपया नको. ती बघेलच, पण मला सॅक भरायची आहे.

---

काठावरचा

नर्मदे हर! ताई, मी चार वर्षांपूर्वी पायी केली. 144 दिवस. निघताना 11 किलो होतं, बडवानीपर्यंत 7 झालं. बाकीचं वाटेत आश्रमांत देऊन टाकलं. त्यात नवाकोरा स्टोव्हही होता. तुम्ही घरीच काढताय, म्हणजे माझ्यापेक्षा शहाण्या आहात.

आधी थंडीचा हिशेब करू, सगळं वजन त्यातच आहे. कार्तिकीनंतर निघालात की शूलपाणीच्या डोंगरात पोचेपर्यंत थंडी सुरू झालेली असते. समुद्राजवळ ती सौम्य असते, मग जानेवारीत उत्तर तटावर पुन्हा चांगली कडक. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, तिथे फेब्रुवारीतही रात्री कुडकुडवतं. तिथून वळलात की मार्चमध्ये ऊन तापायला लागतं आणि शेवटच्या टप्प्यात चाळिशी गाठतं. म्हणजे गरम कपडे फक्त अमरकंटकपर्यंत. उतरल्यावर दिंडोरी किंवा मंडल्याच्या पोस्टातून स्लीपिंग बॅग आणि स्वेटर घरी पाठवून द्या. मी तेच केलं, दोन किलो कमी झालं आणि तेही बरोबर उन्हाच्या तोंडावर.

त्यामुळे चादर घरी. एक किलोच्या आतली स्लीपिंग बॅग, रात्री सगळे कपडे अंगात घालून आत शिरायचं. बऱ्याच आश्रमांत गोधड्या मिळतात. मिळाल्या नाहीत तर फरशी जास्त गार लागते, हवा नाही. म्हणून मॅट सोडू नका, वाटल्यास गुडघ्यापर्यंत कापा. पायांखाली रिकामी सॅक टाकली की झालं.

पातेलं नको. सदावर्त देतात तिथे बहुतेक वेळा भांडी आणि चूलही देतात. स्वतःचं एक ताट आणि एक मग, बस. लाडू-चिवड्याच्या जागी मूठभर फुटाणे आणि गूळ. मला एवढ्या दिवसांत उपाशी झोपावं लागलं ते एकदा, आणि तेही मी हट्टाने संध्याकाळी पुढच्या गावाकडे निघालो म्हणून. लोक हाताला धरून चहाला बसवतात, त्यातून सुटायचं कसं हा प्रश्न असतो.

---

डोंगरमुंगी

मामी (तुमच्या भाच्याच्या वयाची आहे, म्हणून मामीच), मी परिक्रमा केलेली नाही, पण व्हिएतनाम, लाओस आणि नेपाळ मिळून सात महिने एकाच सॅकवर काढलेत.

त्या सॅकचा दोष तिच्या लिटरात नाही, पाठीच्या मापात आहे. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. ती तुमच्या पाठीची लांबी. उंच मुलाची सॅक तुमच्या पाठीवर लांब पडते, पट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली नितंबांवर घसरतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. आवळून उपयोग नाही. दुकानात सॅकमध्ये सहा-सात किलो भरायला लावा आणि पंधरा मिनिटं दुकानातच फिरा. लाजू नका.

40 लिटरच्या वर घेऊच नका. जागा असली की आपण भरतो. जड सामान पाठीला चिकटून मध्यावर, स्लीपिंग बॅग तळाला. वरचं कव्हर पावसाला पुरत नाही, आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं त्यात. विमलेश्वरच्या बोटीला चढता-उतरताना चिखलपाणी असतं असं ऐकलंय, तिथेही कामाला येईल.

बूट: ते वॉटरप्रूफ घरी. आत पाणी गेलं की दोन दिवस वाळत नाहीत आणि उन्हात पाय उकडून निघतो. जाळीचे साधे चालायचे बूट, संध्याकाळी पाय सुजलेले असताना विकत घ्यायचे, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून. असा जोड 700-800 किलोमीटरला हात टेकतो, त्यामुळे 3000 ला चार-पाच लागतील हे धरूनच चला. पहिला जोड बसला की त्याच मापाचा दुसरा घरी आणून ठेवा, मुलगा कुरिअर करेल. फोड आल्यावर पट्टी लावण्यापेक्षा घासतंय असं वाटलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावायची. पाच मिनिटं जातात, पण ती चुकवली की पाच दिवस लंगडायला लागतं.

20000 ची पॉवर बँक कशाला? 10000 ची अर्ध्या वजनात येते. तुम्ही रोज कुठल्या ना कुठल्या गावातच असणार.

---

रिकामी पिशवी

लिटर, ग्रॅम, टेप... ही परिक्रमा आहे की गिर्यारोहण? आमच्या आजोबांनी अनवाणी केली. सोबत एक घोंगडी, एक दंड. बाकी श्रद्धा.

---

मीठभाकर

@रिकामी पिशवी: ताईंनी आधीच सांगितलंय की हे उत्तर नको. आणि दादा, घोंगडी किती जड असते ते कधी तोलून पाहा.

ताई, मी आणि माझी जाऊ, दोन वर्षांपूर्वी. बायकांचं सांगते.

अंघोळ बऱ्याचदा उघड्या घाटावर, पहाटे अंधारात. त्यासाठी गडद रंगाचा, नायलॉनचा सैल गाऊन ठेवा. तो पिळला की तासाभरात वाळतो. तोच आडोसा, तोच रात्रीचा कपडा. बाकी दोन जोड पुरे: एक अंगात, एक दोरीवर. सुती कपड्यांचा मोह टाळा. जानेवारीत सुती कपडा सकाळपर्यंत ओलाच राहतो आणि मग तो ओला पाठीवर वाहायचा. मी पाठीवर सेफ्टी पिना लावून ओढणी वाळवत चालायचे, लोक हसायचे. टॉवेलऐवजी पातळ पंचा. बिनसाबणाचं धुणं म्हणजे आपटणं, त्यामुळे पांढरं काही पांढरं राहत नाही हे मान्य करून टाका. साबण लावायचाच असेल तर बादलीत पाणी घेऊन, घाटापासून लांब.

सकाळचा विधी ही खरी अडचण. डोक्याला लावायची बॅटरी घ्या, हातातली नको, दोन्ही हात मोकळे लागतात. एक छोटी खुरपी, 100 ग्रॅमची. शिट्टी गळ्यात. मी एकदाच वाजवली, कुत्र्यांसाठी.

पाळी अजून चालू असेल तर काय ते ठरवून ठेवा, आतल्या गावांत दुकान मिळेलच असं नाही. आमची गेलेली, ते एक ओझं निसर्गानेच उतरवलं होतं.

रेनकोट बदला. सॅकसकट वरून पडणारा पोंचो घ्या. जानेवारीत तिकडे मावठा येतो आणि काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की एकेक पाय किलोभर जड होतो. तेव्हा काठी लागते. लागतेच. दंड म्हणून असो की तिसरा पाय म्हणून.

औषधांचं म्हणाल तर मुलाला सांगा की तालुक्याच्या प्रत्येक गावात औषधाचं दुकान आहे. रोजच्या गोळ्या महिन्याभराच्या, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये, ओआरएस, टेप, पायाला रात्री लावायला व्हॅसलीन. 300 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका.

---

सातारकरीण

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे लिहिलं नाही कारण प्रयोग चालू होते.

पाठ मोजली. भाच्याची सॅक माझ्या मापाला चांगली चार बोटं मोठी निघाली! 40 लिटरची घेतली, 1 किलो 300, बजेटमध्ये बसली. दुकानातला मुलगा मी सॅक घेऊन फेऱ्या मारत होते तेव्हा आधी बघत राहिला, मग स्वतःच येऊन पट्टे नीट करून दिले.

स्लीपिंग बॅग किलोची. मॅट कापली, 250 ग्रॅम. कपडे दोन जोड, गाऊन आणि पंचा 900. पातळ फ्लीस आणि कानटोपी 400. पोंचो 300. औषधं 300 (मुलाशी दोन दिवस अबोला होता). ताट-मग 250. पोथी घरी, आरत्या एका वहीत उतरवल्या, नर्मदाजलाची छोटी बाटली धरून 100. पॉवर बँक 200. फुटाणे-गूळ 300. बॅटरी, खुरपी, शिट्टी, दोरी, पिना 400. एकूण 5 किलो 700, लिटरभर पाण्यासकट 6 किलो 700.

हे घेऊन दोघी दोन दिवसांत साताऱ्याहून वाईला चालत गेलो, साधारण 35 किलोमीटर. खांदे शाबूत. डाव्या करंगळीला फोड आला, कारण टेप लावायला थांबायचा कंटाळा केला. डोंगरमुंगी, तू बरोबर होतीस.

पोस्टाची युक्ती आवडली, @काठावरचा. गरम कपडे पाठवायची पिशवी आत्ताच शिवून तिच्यावर घरचा पत्ता घातलाय.

आता एकच उरलंय. नणंद सगळ्याला हो म्हणाली, पण चहाचं पातेलं सोडायला तयार नाही. अॅल्युमिनियमचं आहे, गाळणं आणि पुडीसकट 420 ग्रॅम. लोक हाताला धरून चहाला बसवतात, हे मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहाटे चारला कोण बसवतं?" याला कुणाकडे उत्तर असेल तर निघायच्या आत द्या, नाहीतर पातेलं येतंय.