डेटा एकत्र करणाऱ्या साधनात स्वतःचे नियम लिहायचे तर जावा, पायथन की एसक्यूएल?

दूधसंकलन यांचा प्रश्न

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांकडून रोज येणाऱ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या) फायली एकत्र करून पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये भरण्याचे काम मी आजवर टॅलेंड ओपन स्टुडिओ या साधनावर करत आलो. ही मोफत आवृत्ती ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद झाल्यामुळे दुसरे साधन निवडणे भाग आहे, आणि अपाचे हॉप व अपाचे नायफाय ही दोन नावे माझ्यासमोर आहेत. मला एसक्यूएल चांगले येते, पायथन कामापुरते येते, जावा मात्र टी-मॅपमध्ये, म्हणजे टॅलेंडच्या कॉलम जोडणाऱ्या घटकात, एखादी ओळ लिहिण्याइतकेच. काही केंद्रे अंक देवनागरीत पाठवतात, काही इंग्रजीत. शिवाय ‘गोऱ्हे’ किंवा ‘कुऱ्हाडे’ अशा आडनावांच्या दोन नोंदी दिसायला सारख्या असूनही जुळत नाहीत, त्यामुळे मागच्या पंधरवड्यात एका उत्पादकाचे बिल दोन खात्यांत विभागले गेले. असे नियम तयार घटकांत बसत नाहीत, ते लिहावेच लागतात. कोणती भाषा नीट शिकून घ्यावी?

विदागार यांचे उत्तर

साधन ज्या भाषेत बांधलेले असते, त्या भाषेत लिहिलेला कोड त्यात सर्वांत सहज चालतो. टॅलेंड तर संपूर्ण जॉबचाच, म्हणजे आखलेल्या सगळ्या कामाचाच, जावा कोड तयार करत असे. हॉप हे केटल या अशाच जुन्या साधनापासून निघालेले असल्यामुळे तेही जावाचेच. त्यात जावास्क्रिप्ट लिहिता येते, पण ओळी लाखांत गेल्या की तेच काम जावा क्लासच्या घटकात बरेच लवकर उरकते, हा माझा अनुभव आहे. नायफायमध्ये पूर्वी पायथन म्हणजे जायथन (जावावर चालणारे पायथन), अर्थात पायथन २.७, असे होते आणि तक्ते हाताळणाऱ्या पांडाजसारख्या लायब्ऱ्या त्यात चालत नसत. नोव्हेंबर २०२४ मधील नायफाय २.० पासून मात्र खऱ्या पायथन ३ मध्ये प्रोसेसर, म्हणजे नायफायचे घटक, लिहिता येतात. तरीही दिवसातून एकदा येणाऱ्या फायलींसाठी नायफाय मला जड वाटते, कारण त्याची घडण अखंड वाहत्या डेटासाठी आहे. आपल्या जागी मी हॉप घेतले असते.

अक्षरजुळणी यांचे उत्तर

भाषा ठरवण्यापूर्वी ती देवनागरी अंक कसे वाचते, हे अवश्य तपासावे. पायथनचे पूर्णांकासाठीचे ‘इंट’ आणि दशांशासाठीचे ‘फ्लोट’ दोन्ही ‘४२’ व ‘४.२’ विनातक्रार वाचतात. जावाचे ‘इंटिजर पार्सइंट’ ‘४२’ स्वीकारते, पण ‘डबल पार्सडबल’ ‘४.२’ पाहताच त्रुटी देते. म्हणजे लिटरचे पूर्णांक पार होतील आणि फॅटचा कॉलम अडकेल. त्यावर जावाचाच ‘बिगडेसिमल’ हा अचूक दशांशाचा प्रकार उपाय आहे, कारण तो देवनागरी अंक वाचतो आणि पैशांच्या हिशेबासाठी तसाही तोच योग्य आहे. जावास्क्रिप्टमध्ये ‘नंबर’ला ‘४२’ दिले, तर उत्तर ‘संख्या नाही’ असे येते. सी शार्पचे ‘इंट पार्स’सुद्धा देवनागरी अंक नाकारते, हे एसएसआयएस (मायक्रोसॉफ्टचे असेच साधन, ज्यात सी शार्प लिहितात) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

विदागार यांचे पुन्हा उत्तर

पूर्णांक आणि दशांश यांतील हा फरक मला माहीत नव्हता. मनापासून आभार.

सारणी यांचे उत्तर

प्रश्नकर्त्यांना एसक्यूएल चांगले येते, मग नियम तिथेच का लिहू नयेत? साधनाने फाईल जशी आली तशी, सगळे कॉलम मजकूर म्हणून, कच्च्या तक्त्यात टाकावी. पुढे ‘ट्रान्सलेट’ या फंक्शनने दहाही अंक एका ओळीत बदलता येतात. उद्या हॉपही सोडावे लागले, तरी हे नियम जागचे हलणार नाहीत.

आडनावांचे दुखणे वेगळे आहे. ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून साठवलेले असते किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन भागांत. हा भेद पोस्टग्रेसक्यूएलच्या १३ व्या आवृत्तीपासून असलेले ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन मिटवते. पण ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ लिहिण्याची आणखी एक रीत आहे: साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. ‘नॉर्मलाइझ’ त्याला हात लावत नाही. ते चिन्ह नुसते पुसून टाकू नये, कारण मग ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ होते आणि स्वयंपाक्याचा गुरू होऊन बसतो. ‘र’, हलन्त व जोडचिन्ह या तिन्हींच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावे, आणि हे नावे जुळवण्याच्या आधी करावे.

दूधसंकलन

दुपारी कच्च्या तक्त्यावर हा बदल करून पाहिला आणि ‘कऱ्हाड’ व ‘गोऱ्हे’ यांच्या दुहेरी नोंदी एक झाल्या. फायली उचलण्यापुरते हॉप घेतो, अंकांचे आणि नावांचे नियम एसक्यूएलमध्ये ठेवतो. विभागलेले बिल आज रात्री दुरुस्त करून त्या उत्पादकाला उद्या सकाळी स्वतः फोन करणार आहे.