प्रति: करसवलत दिली की शेतजमीन वाचते?

शहरालगतच्या शेतजमिनीवरचा कर उतरवला की शेतकरी ती बिल्डरला विकणार नाही, हा या चर्चेत वर मांडलेला मुद्दा मला अर्धाच पटतो. अमेरिकेत मेरीलँड राज्याने १९५६ मध्येच हे केलं: कर बाजारभावावर नाही, शेती म्हणून जमिनीची जी किंमत होते तिच्यावर. पण ही सवलत जमिनीचा वापर बघते, मालकाचा इरादा नाही. मग बिल्डर जमीन घेऊन ठेवतो, चार गाई चरायला सोडतो आणि भाव चढेपर्यंत नाममात्र कर भरतो. कॅलिफोर्नियाने १९६५ च्या कायद्यात निदान दहा वर्षांच्या कराराची अट घातली, तीही दरवर्षी आपोआप पुढे सरकणारी.

नुसतं झोनिंगही, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे नियमाने ठरवणंही, शेतकऱ्याला जाचतंच, कारण म्हातारपणीची त्याची पुंजी म्हणजे ती जमीन आणि बांधकामाला बंदी आली की तिचा भाव पडतो. इथे मेरीलँडच्याच माँटगोमेरी काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) उदाहरण कुणी दिलेलं दिसत नाही. तिथे १९८० मध्ये सुमारे ९३ हजार एकरांचा पट्टा शेतीसाठी राखला आणि २५ एकरांमागे एकच घर असा नियम केला. भरपाई म्हणून दर पाच एकरांमागे एक विकास हक्क (घर बांधण्याचा हक्क) दिला, जो शहराकडच्या ठरलेल्या भागात जादा घरं बांधणाऱ्या बिल्डरला विकता येतो. म्हणजे शंभर एकरवाल्याकडे वीस हक्क! पैसा बिल्डरच्या खिशातून, सरकारी तिजोरीतून नाही. मात्र शहराच्या बाजूला दाट वस्ती करू द्यायची तयारी हवी, नाहीतर हे हक्क घेणार कोण? आणि तिथल्या रहिवाशांचा विरोध बहुतेक वेळा नेमका त्यालाच असतो.